बारावीला एखादा विषय सोडावा काय?



जून-जुलै उजाडला की आमच्या शेतकी खात्याच्या गट कार्यालयांत सभासद दोन प्रश्न घेऊन येतात. पहिला प्रश्न आडसाली लागणीचा, बेण्याचा आणि नोंदीचा. दुसरा प्रश्न आमच्या खात्यातला नाही, तरी दरसाल येतोच. "साहेब, पोरगं बारावीला गेलं. अकरावीला गणितात कसंबसं निघालं. गणित काढून टाकावं म्हणतो. तुमचं काय मत?" कोणी जीवशास्त्राबद्दल विचारतो. "डॉक्टरकी काही व्हायची नाही, मग बेडूक-गांडुळं कशाला शिकायची?" असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

आम्ही काही शिक्षक नव्हे. पण कृषी शाखेकडे जाणाऱ्या मुलांची चौकशी, सातबारा, दाखले या निमित्ताने पालक आमच्याकडे येतात आणि पुढे त्या मुलांचे काय झाले हेही गावात फिरताना आमच्या कानावर येते. त्यावरून एक गोष्ट दिसते. विषय सोडल्यामुळे जेवढी मुले अडचणीत येतात, तेवढीच विषय न सोडल्यामुळेही येतात. चूक सोडण्यात किंवा ठेवण्यात नसते. ती घाईत, शेजाऱ्याचे पाहून आणि एका चाचणीचे गुण पाहून ठरविण्यात असते. म्हणून या अंकात लागणीची माहिती थोडी बाजूला ठेवून हा विषय मांडीत आहोत.

सोडणे म्हणजे नेमके काय?

पुष्कळ पालकांची समजूत अशी की गणित सोडले म्हणजे सहापैकी पाच विषय राहिले आणि ओझे हलके झाले. तसे नाही. राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानाला इंग्रजी, एक दुसरी भाषा आणि चार वैकल्पिक विषय असे शंभर-शंभर गुणांचे सहा विषय द्यावे लागतात. त्याशिवाय पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण असतेच. बहुतेक मुले वैकल्पिक म्हणून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे चारही घेतात. यातला एक काढला की त्याच्या जागी दुसरा घ्यावाच लागतो. भूगोल, मानसशास्त्र असे जे विषय त्या कॉलेजात शिकविले जातात, त्यांतून निवड करायची असते.

म्हणजे विषय 'सोडणे' हे खरे तर विषय 'बदलणे' आहे. ऊस मोडला तरी रान पडीक राहत नाही, तिथे हरभरा किंवा गहू करावाच लागतो, आणि त्याचाही खर्च असतो. म्हणून पहिली चौकशी ही करावी की आपल्या कॉलेजात बदली विषय कोणता मिळतो आणि त्याला शिकवायला शिक्षक आहे की नाही. तासच होत नसतील तर नवा विषय मुलाने एकट्याने वाचायचा, असा अर्थ होतो.

आता वेळेचा हिशेब पाहू. बारावीची परीक्षा अलीकडे फेब्रुवारीतच येते. २०२५ साली ती ११ फेब्रुवारीला सुरू झाली, आणि प्रात्यक्षिके त्याच्याही आधी जानेवारीच्या अखेरीस लागली. जुलैपासून धरले आणि गणपती, दिवाळी, आजारपण, लग्नकार्य वजा केले, तर अभ्यासाचे साधारण १८० दिवस हाती राहतात. मुलगा गणिताला रोज दीड तास देत असेल तर ते झाले २७० तास. बदली विषयाला रोज अर्धा तास द्यावा लागला तर ९० तास गेले. निव्वळ बचत १८० तासांची. हे १८० तास कुठे लागणार याचे उत्तर मुलाजवळ असेल तर बदलात अर्थ आहे. "मोकळा होईल, बघू पुढे" एवढेच उत्तर असेल तर ते तास मोबाईलमध्ये जातील, हे आपणांसही ठाऊक आहे.

कोणता दरवाजा बंद होतो?

खालील यादी घरात सर्वांनी मिळून वाचावी. मुलालाही वाचायला द्यावी.

(१) इंजिनिअरिंग. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेला, म्हणजे सीईटीला, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हा गट द्यावा लागतो. गणित सोडले की हा दरवाजा बंद. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही शाखांपुरती बारावीच्या गणिताची अट सैल करण्याची मुभा दिली, त्यावरून "आता इंजिनिअरिंगला गणित लागत नाही" अशी आवई गावोगाव उठली. सीईटीतून जायचे तर गणिताचा पेपर चुकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

(२) वैद्यकीय, दंतवैद्यकीय, आयुर्वेद आणि पशुवैद्यकीय. यांना 'नीट' ही परीक्षा. तिच्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. गणिताचा एकही प्रश्न नाही. गुरांचा डॉक्टर व्हायचे असले तरी वाट हीच आहे, हे दूधधंदा करणाऱ्या सभासदांनी लक्षात घ्यावे. बी.एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा वेगळी, पण तिथेही जीवशास्त्र हवेच.

(३) औषधनिर्माण म्हणजे फार्मसी. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सक्तीचे, तिसरा विषय गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणताही चालतो.

(४) बी.एस्सी. कृषी. येथेही दोन्ही गट चालतात. गणितवालाही जातो, जीवशास्त्रवालाही जातो. मात्र कृषी अभियांत्रिकी हा वेगळा अभ्यासक्रम आहे. ट्रॅक्टर, अवजारे, ठिबक, पाणलोट ही त्याची बाजू, आणि त्याला गणिताचा गट लागतो. 'कृषी' हा शब्द दोन्हीकडे असल्याने पालकांचा येथे फार घोटाळा होतो.

(५) एनडीए. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावे लागते. लष्कराच्या विभागाला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर सर्वांनाच आहे. तेव्हा "आर्मीला गणित लागत नाही" हेही अर्धेच खरे.

(६) पोलीस, तलाठी, बँक, राज्यसेवा अशा स्पर्धा परीक्षा. यांत जे अंकगणित येते ते शाळेतले असते. शेकडेवारी, व्याज, काळ-काम-वेग, गुणोत्तर. बारावीचे इंटिग्रेशन तिथे विचारीत नाहीत. म्हणून "पुढे स्पर्धा परीक्षा द्यायची म्हणून गणित ठेवले" हे कारण टिकत नाही, आणि "गणित सोडले, आता स्पर्धा परीक्षाही गेली" ही भीतीही खरी नाही.

आपल्याच कारखान्याकडे पाहिले तरी हे तीन रस्ते दिसतील. इंजिनिअरिंग विभागात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलची माणसे लागतात, त्यांचा पाया गणिताचा. उत्पादन विभागात केमिस्ट आणि साखर तंत्रज्ञ लागतात. हे लोक रसायनशास्त्राची पदवी किंवा केमिकल इंजिनिअरिंग करून पुढे साखर तंत्रज्ञान शिकतात. त्यासाठी मांजरीची १९७५ साली स्थापन झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था प्रसिद्ध आहेत. त्या वाटेला रसायनशास्त्र मुख्य आणि गणिताची जोड उपयोगाची. तिसरा आमचा शेतकी विभाग. येथे कृषी पदवी किंवा पदविका चालते आणि बारावीला कोणता गट होता हे कोणी विचारीत नाही.

सीईटीचा हिशेब

सीईटीची रचना पुष्कळ पालकांना ठाऊक नसते, आणि निर्णय तर तिच्यावर अवलंबून असतो. गणित गटाचा पेपर २०० गुणांचा. त्यात भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचेही प्रश्न ५०च, पण प्रत्येकी दोन गुण. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. जीवशास्त्र गटातही पेपर २०० गुणांचा, आणि त्यात जीवशास्त्राचे १०० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण जीवशास्त्राचे. चुकीच्या उत्तराला गुण कापीत नाहीत. 'नीट'मध्ये कापतात, तिथेही १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचेच असतात.

याचा अर्थ सरळ आहे. ज्या गटातून जायचे त्याचा मुख्य विषय निम्मा माल देतो, आणि दुसऱ्या गटाचा विषय त्या परीक्षेत शून्य देतो. ज्या मुलीला जीवशास्त्र चांगले येते आणि जिला कृषी, नर्सिंग किंवा पशुवैद्यकीय करायचे आहे, तिने वर्षभर गणिताशी झुंजून जीवशास्त्राचा वेळ घालविणे शहाणपणाचे नाही. उलट ज्याला इंजिनिअर व्हायचे आहे पण गणित कच्चे आहे, त्याला गणित सोडून भागणार नाही आणि नुसते ठेवूनही भागणार नाही. ते सुधारावेच लागेल, किंवा वाट बदलावी लागेल.

ज्याच्याजवळ चारही विषय आहेत तो दोन्ही गटांची सीईटी देऊ शकतो. हा चार विषय ठेवण्याचा खरा फायदा. पण दोन्ही डगरींवर हात ठेवायला मुलाची तेवढी कुवत आणि तयारी लागते. दोन्हीकडे अर्धवट राहिला तर दोन्हीकडचे हुकते.

सीईटीत बारावीच्या अभ्यासक्रमाला साधारण ८० टक्के आणि अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के भार असतो. म्हणजे अकरावी वाईट गेली म्हणून सर्व बुडाले असे नाही.

आधी रोग ओळखावा

उसाची पाने पिवळी पडली की आपण काय करतो? लगेच युरिया टाकतो काय? चुनखडीच्या जमिनीत खोडव्याला केवडा पडतो तो लोहाच्या कमतरतेने, तिथे हिराकस लागते. पाणी साचून मुळ्या गुदमरल्या तरी पाने पिवळी पडतात, तिथे चर काढावा लागतो. पिवळेपणा सारखाच दिसतो, कारणे निराळी असतात. मुलाच्या गणिताचे असेच आहे. अकरावीला गुण कमी पडले एवढ्यावरून विषय मोडू नये, कारण आधी शोधावे. आमच्या पाहण्यात चार कारणे येतात.

पहिले कारण भाषा. दहावीपर्यंत आपली मुले गावातल्या शाळेत मराठीतून शिकतात. अकरावी विज्ञानाला गेली की एकदम पुस्तक इंग्रजी, शिकविणे इंग्रजी, पेपर इंग्रजी. दहावीला ज्याला गणितात ऐंशी होते तो अकरावीला पस्तिसावर येतो. त्याला गणित येत नाही असे नसते, प्रश्न काय विचारला हे त्याला कळत नाही. अशा मुलाकडून तेच गणित मराठीत सांगून सोडवून पाहावे. सुटले तर रोग भाषेचा. बारावीच्या मध्यापर्यंत हा रोग बहुधा बरा होतो. त्यासाठी विषय सोडू नये.

दुसरे कारण पाया. त्रिकोणमिती, बीजगणित नववी-दहावीतच कच्चे राहिले, वर डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन आले. ही साखळी आहे. बारावीत डेरिव्हेटिव्हवर इंटिग्रेशन, त्यावर अवकल समीकरणे असे एकावर एक थर चढतात. खालचा थर कच्चा असेल तर वरचा बसत नाही. हे कारण असेल तर सुट्टीतले दोन महिने पाया भरायला लागतात. ते निघून गेले असतील आणि पुढे गणित लागणारही नसेल, तर विषय बदलण्याचा विचार योग्य.

तिसरे कारण शिक्षण. कॉलेजात तास होत नाहीत, क्लास नाशकात, जाण्या-येण्यात रोजचे तीन तास बसमध्ये. अशा वेळी दोष मुलाचा नसतो. विषय बदलण्याआधी जवळ शिकविणारा कोणी मिळतो का ते पाहावे.

चौथे कारण मुलाला तिकडे जायचेच नाही. बापाला इंजिनिअर हवा, पोराला शेतीत किंवा दवाखान्यात रस. अशा ठिकाणी गुण हे कारण नसून लक्षण असते. येथे पालकांनी पोराला शांतपणे बसवून विचारावे आणि त्याचे ऐकून घ्यावे.

तिसरा मार्ग: पासापुरते ठेवणे

सोडणे आणि पूर्ण ताकदीने करणे यांच्या मधे एक वाट आहे. गणित हा लेखी ८० आणि प्रात्यक्षिक २० गुणांचा विषय, उत्तीर्ण होण्यास १०० पैकी ३५ लागतात. तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, लिनियर प्रोग्रॅमिंग, संभाव्यता ही प्रकरणे बरीचशी स्वतंत्र आहेत, ती डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनच्या साखळीत फारशी अडकत नाहीत. तेवढी पक्की करून आणि प्रात्यक्षिकाची वही नीट ठेवून साधारण मुलगाही निघू शकतो.

ज्याला जीवशास्त्र गटातून जायचे आहे, पण कॉलेजात बदली विषय धड मिळत नाही, किंवा बदलाची मुदत निघून गेली आहे, त्याने हा मार्ग धरावा. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, गणितात नापास झाला तर बारावीच नापास. मग पुरवणी परीक्षा आणि प्रवेशाची धावपळ. दुसरी, काही ठिकाणी बारावीचे गुणही पाहिले जातात. वैद्यकीयला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गास ५० टक्के आणि इंजिनिअरिंगला गणित गटात ४५ टक्के अशी किमान अट आहे, राखीव वर्गांस ती कमी आहे. ज्या शाखेला जायचे तिची त्या वर्षाची प्रवेश-पुस्तिका वाचून मगच ठरवावे. गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवर विसंबू नये, नियम बदलतात.

उसाच्या भाषेत बोलायचे तर हा नांग्या भरण्याचा प्रकार आहे. खोडवा सर्वत्र चांगला फुटला नसला म्हणून लगेच नांगर घालीत नाहीत. तुटाळ किती आहे ते मोजतात. थोडी असली तर रोपे लावून सांधतात, फार असली तर मोडतात. मोजल्याशिवाय दोन्ही करू नये.

मुलींच्या बाबतीत

येथे आम्ही थोडे स्पष्ट लिहितो. मुलाचे गणित कच्चे निघाले तर घरचे क्लास लावतात. मुलीचे कच्चे निघाले तर "सोडून दे, तुला काय करायचं गणित" म्हणतात. पुष्कळदा मुलीला भावापेक्षा गुण जास्त असतात तरीही असे होते. कारण विचारले तर सांगतात, क्लासला सायंकाळी पाठवायला नको, बस उशिरा येते. ही अडचण खरी आहे, आम्ही ती नाकारीत नाही. पण ती बसची अडचण आहे, गणिताची नव्हे. दोन-तीन घरांनी मिळून गाडी ठरविली किंवा मुलींचा अभ्यासगट गावातच केला तर ती सुटते.

दरवाजे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना एनडीएची परीक्षा देता येऊ लागली. २०२२ साली पहिल्या मुली दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांतील १७ जणी प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. याच परीक्षेच्या तयारीसाठी शासनाने २०२३ साली आपल्या नाशिकमध्ये मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली. पण गणित सोडून बसलेल्या मुलीला हवाई दल आणि नौदलाचा मार्ग मिळत नाही. मुलीने गणित सोडायचे तर तिच्या इच्छेने आणि तिच्या पुढच्या वाटेसाठी सोडावे. बसच्या वेळापत्रकापायी सोडू नये.

सोडलेले परत मिळते काय?

मिळते, पण सारख्याच सहजतेने नाही. बारावी झाल्यावर राहिलेला एखादा विषय घेऊन मंडळाच्या परीक्षेस 'तुरळक विषय' म्हणून बसण्याची सोय आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की बारावीला जीवशास्त्र नसलेल्या, पण पुढे मान्यताप्राप्त मंडळाकडून तो विषय अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांस 'नीट' देता येईल. त्यामुळे जीवशास्त्र सोडणाऱ्याचा दरवाजा पूर्वीइतका घट्ट बंद राहिलेला नाही.

गणिताचेही कागदोपत्री तसेच करता येते. पण व्यवहारात गणित एक वर्ष सुटले की परत धरणे जड जाते. जीवशास्त्राचे एखादे प्रकरण राहिले तर पुढचे वाचता येते, गणिताची साखळी तुटली की सुरुवातीपासून यावे लागते. भौतिकशास्त्रातही त्याच गणिताची गरज पडते. म्हणून आमचे मत असे की, मुलाचे पुढचे काहीच ठरले नसेल आणि दोन्ही विषय सारखेच कच्चे-पक्के असतील, तर गणित ठेवण्याकडे कल असावा. पण वाट जीवशास्त्राची ठरलेली असेल आणि गणित मुलाला खात असेल, तर ते सोडण्यात कमीपणा मुळीच नाही. "त्याच्या पोराने चार विषय ठेवले" या ईर्षेपायी आपल्या पोराचे वर्ष पणाला लावू नये.

बी.एस्सी. कृषीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. देशातील कृषी पदवीच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात, बारावीला ज्याचे गणित नव्हते त्याला प्राथमिक गणित आणि ज्याचे जीवशास्त्र नव्हते त्याला जीवशास्त्राची तोंडओळख, असा पूरक विषय पहिल्या वर्षी ठेवला होता. यावरून दिसते की दोन्हीकडून येणारी मुले तिथे अपेक्षित आहेत. संख्याशास्त्र मात्र पदवीला सर्वांनाच शिकावे लागते, तेव्हा आकड्यांशी कायमचे वैर धरून चालत नाही.

यंदा ज्यांची मुले अकरावीला आहेत त्यांनी पीक विज्ञानाची चौकशी अवश्य करावी. द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात पीक विज्ञान, दुग्ध व पशुविज्ञान, संगणक, इलेक्ट्रॉनिक्स असे २०० गुणांचे विषय काही कॉलेजांत असतात. दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या जागी तो घेता येतो आणि त्यात प्रात्यक्षिकाला निम्मे गुण असतात. शेतकऱ्याच्या मुलाला हाताने काम करून गुण मिळविण्याची ही चांगली संधी आहे. मात्र हा दोन वर्षांचा विषय, तो अकरावीतच घ्यावा लागतो. बारावीत आठवण होऊन उपयोग नाही.

आणि ज्याचे विज्ञानच जुळत नाही त्याचेही आयुष्य थांबत नाही. दहावीच्या पायावर कृषी पदविका आहे, आयटीआय आहे, आणि नाशिकलाच १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, तिथे घरची शेती सांभाळून शिकता येते.

करावयाच्या गोष्टी

(१) विषय बदलायचा तर बारावीच्या सुरुवातीलाच ठरवावे. अर्ज कॉलेजच्या प्राचार्यांमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे मुदतीत जावा लागतो. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांचे काम हेच कार्यालय पाहते. मुदत कोणती ते कॉलेजच्या कार्यालयात विचारून लिहून घ्यावे. दिवाळीनंतर जाग आली तर हाती फक्त पासापुरते ठेवण्याचा मार्ग राहतो.

(२) बदल झाल्यावर परीक्षेच्या आवेदनपत्रावर नवा विषय आला आहे की नाही ते स्वतः वाचून मगच सही करावी. 'झालं असेल' म्हणून सोडू नये.

(३) सीईटीचा अर्ज भरताना गट तोच निवडावा. सायबर कॅफेवाल्यावर सर्व सोपवू नये, मुलाने स्वतः समोर बसावे.

(४) निर्णयाआधी मुलाने मागच्या तीन चाचण्यांचे पेपर काढून, चुका भाषेच्या, पायाच्या की आळसाच्या हे विषय शिक्षकांना दाखवून घ्यावे. एका चाचणीवर ठरवू नये.

(५) निर्णय घेताना आई, वडील आणि मूल तिघेही हजर असावेत. ज्याला पेपर लिहायचा आहे त्याचे मत शेवटी धरावे.

(६) विषय ठेवा किंवा बदला, डिसेंबर-जानेवारीत मुलाला गाळपाच्या कामाला जुंपू नका. आपला तोडीचा हंगाम आणि बारावीची पूर्व परीक्षा नेमकी एकाच वेळी येतात. "आज जरा टोळीकडे जाऊन ये, गाडी भरून घे" असे म्हणत महिना निघून जातो आणि मग गुण कमी पडले की आपण गणिताला दोष देतो. तोडीच्या अडचणीसाठी गटातील आमचे कर्मचारी आहेत, त्यांना हाक मारा.

ज्या सभासदांना कृषी शाखेच्या प्रवेशाबाबत, कृषी पदविकेबाबत किंवा सातबाऱ्याच्या कागदपत्रांबाबत विचारायचे असेल त्यांनी लागणीच्या नोंदीला येताना मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे. अकरावीची गुणपत्रिकाही आणावी. प्रश्न त्यांना विचारू द्यावेत, आम्हांस जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगू, आणि जे ठाऊक नाही त्यासाठी कोणाकडे जावे तेही सांगू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते